जावईबापूंचा उजवा कोपरा

आमच्या जावयांना फुटबॉलमधली एकच चाल येत होती, आणि ती सगळ्या सोहारला पाठ होती.

चाल अशी. मागच्या खेळाडूने बॉल लांब उडवायचा तो उजवीकडे. तिथे हमेद नावाचा वाऱ्यासारखा पळणारा पोरगा. त्याने पार कोपऱ्यापर्यंत धावायचं आणि तिथून बॉल गोलसमोर उंच टाकायचा. गोलसमोर बदर, ताडमाड उंच. त्याने उडी मारून डोकं लावायचं. पण डोकं लागायच्या आत समोरचा गोलकीपर दोन पावलं पुढे येऊन बॉल झेलायचा. (परसातला पेरू काढावा तसा, अगदी निवांत!) मग पुन्हा पहिल्यापासून.

आमचे हे तेव्हा ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रदुरुस्ती बघायचे. प्रसादराव, म्हणजे जावई, जवळच्याच एका खाजगी कॉलेजात गणित शिकवायचे. चिपळूणला असताना फुटबॉल खेळले होते, म्हणून कॉलेजचा संघ त्यांच्याकडे आला. आमच्या मुग्धाशी त्यांचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. म्हणजे जावई कोरा करकरीत! आणि कोऱ्या जावयाला सासूने नावं ठेवायची नसतात. त्यामुळे अख्ख्या स्टँडमध्ये ओरडायची बंदी असलेली मी एकटीच.

शेजारी बसायचे वर्गीसभाई. केरळचे, टायरचं दुकान, आणि फुटबॉल म्हणजे जीव की प्राण.

"अरे कोच! लेफ्ट साइड भी भगवान ने बनाया है!" ते हंबरडा फोडायचे. मग माझ्याकडे वळून, "माताजी, ये आदमी किसका रिश्तेदार है? सिफारिश से आया लगता है."

"चिवडा घ्या," मी म्हणायची. (खोटं बोलायचं नसेल तर समोरच्याचं तोंड भरावं.)

शेवटी शेवटी तर हमेद धावायला लागला की लोक आधीच कपाळाला हात लावून बसत. सलग इतक्या मॅचेस हरलो, की डीनसाहेबांनी प्रसादरावांना बोलावून सांगितलं, "पुढची हरलात तर खलास. संघ दुसऱ्याकडे देतो."

त्या संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. आवाज रडवेला. "आई, प्रसाद जेवत नाहीये गं. संघ गेला तर हा माणूस नुसतं गणित होऊन बसेल. मी नुसत्या गणिताबरोबर संसार कसा करू?"

आणि ती मॅच नेमकी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी! पाडव्याला आमच्याकडे दिवाळसण. मी अंगठी आणून ठेवली होती. रीतीप्रमाणे जावई पाटावर बसले, रुसले. ताटाला हात लावेनात. (ते खरोखरच उदास होते. मला वाटलं, काय छान रुसतात!)

"मागा काय हवं ते, जावईबापू," मी म्हटलं. "आज मला नाही म्हणायची सोय नाही."

"नक्की, आई?"

"अगदी नक्की."

"मग खरं सांगा. माझ्या संघाचं काय चुकतंय?"

आमचे हे हळूच म्हणाले, "संपलं."

अहो, कित्येक आठवडे चिवड्याखाली दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं! मी फराळाचं मोठं ताट ओढलं. रव्याचे लाडू आपले खेळाडू, चकल्या समोरच्यांचे, आणि बॉल म्हणून एक काजू.

"हा लाडू हमेद. सगळ्या चकल्या याच्याभोवती येऊन बसतात की नाही? का येतात? कारण त्यांना ठाऊक आहे! आणि हा डावीकडचा लाडू कोण?"

"युसुफ," जावई म्हणाले.

"याला आजवर कोणी बॉल दिलाय?"

जावई विचारात पडले. "सरावात एकदा दिला होता. चुकून."

"मग उद्या यालाच द्या! तिकडे काळं कुत्रं नसेल!"

"आई, तू आयुष्यात फुटबॉल खेळलीस का?" मुग्धा म्हणाली.

"लंगडी खेळलेय! एका पायावर अख्खी शाळा बाद केलीय. यांना तर दोन-दोन पाय आहेत! आणि अहो, तुम्ही काय खाताय?"

"लाडू," हे म्हणाले.

"तो आपला गोलकीपर होता!"

पण जावयांचे डोळे चमकले. त्यांनी चक्क ताटाचा फोटो काढला. "पण आई, पोरांचा सराव नाही. मॅच उद्याच."

इथे माझी जीभ छाटली गेली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "सराव कशाला? लाडवांनी कुठे केला होता?"

दुसऱ्या दिवशी सगळं कॉलेज लोटलं होतं. शिट्टी वाजली. मागच्या पोराने बॉल उडवला, आणि तो गेला डावीकडे!

वर्गीसभाई उभे राहिले. "माताजी! लेफ्ट! लेफ्ट!" त्यांच्या डोळ्यांत पाणी. हमेद मात्र सवयीने उजवीकडे धावत सुटला, बॉलशिवाय! चार-पाच बचावपटू इमानाने त्याच्या मागे. बदरने ठरल्या वेळी उडी मारली, रिकाम्या हवेला डोकं लावलं आणि खाली पडला. आणि समोरचा गोलकीपर? तोही सवयीने पुढे येऊन हात वर करून उभा!

म्हणजे गोल मोकळा! धडधडीत मोकळा! आणि त्याच्यासमोर एकटा युसुफ, पायाशी बॉल.

माझी चाल फळली होती! मी बाकावर चढले. जावई, मानपान, रीतभात सगळं विसरून मी बोंबलले, "मार रे, लेकरा! यल्ला!"

युसुफने बॉलकडे पाहिलं. मागे वळून पाहिलं, हा नक्की आपल्यालाच दिलाय ना? मग वर्षभर सरांनी जे शिकवलं होतं ते त्याला आठवलं असावं. त्याने पाय उचलला आणि अतिशय सुंदर, अतिशय अचूक पास दिला. उजव्या कोपऱ्यात. हमेदला.

हमेदने बॉल उंच टाकला. गोलकीपरने झेलला.

स्टँडमध्ये कोणी ओरडलंसुद्धा नाही. इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी फक्त पिठल्यात मीठ विसरले तेव्हा बघितली होती.

पुढे तर कोणाचाच पायपोस कोणाच्या पायात राहिला नाही. अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे, मधोमध मैदान मोकळं आणि तिथून त्यांचे गोलावर गोल. शेवटचा तर आम्हीच आमच्यात मारला. आजवर आम्ही एखाद्या गोलाने हरायचो, त्या दिवशी धुळीला मिळालो.

मॅच संपल्यावर डीनसाहेब संतापून मैदानात आले. "प्रसाद! ही कोणाची अक्कल?"

प्रसादराव गणिताचे. खोटं उत्तर द्यायची सवय नाही. त्यांनी सरळ स्टँडकडे बोट दाखवलं. मी अजून बाकावरच उभी!

वर्गीसभाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चिवड्याचा डबा मी पुढे केला. त्यांनी झाकण लावून परत दिला.

दोन दिवस मी मनातल्या मनात जावयांची क्षमा मागत होते. एकीकडे अंगठीऐवजी सोनसाखळी दिली तर भागेल का, याचा हिशेबही चालला होता. मग मुग्धा आली. चेहरा विचित्र, हसावं की रडावं, कळत नसल्यासारखा.

"संघ प्रसादकडेच राहिला, आई. डीन म्हणाले, निदान त्याची जुनी चाल तरी सगळ्यांना येते."

"गजानना!" मी हात जोडले. "आता पुढच्या मॅचला मी..."

"त्याबद्दलच सांगायला आलेय," मुग्धा म्हणाली.

संघ हरला की प्रशिक्षकाला काढतात, ही जगाची रीत. सोहारमध्ये त्यांनी सासूला काढलं.