हेलनबायची ठिणगी

उमेळ्याच्या हेलनबायला शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त केलं, हीच लोकांची चूक. बाकीच्या बायका निवृत्तीनंतर गुडघे सांभाळतात, हिने जुनी लाल गाडी सांभाळली. तेही चाललं असतं. पण इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून आत हवा कोंबणारा सुपरचार्जर तिने स्वतः बसवला आणि तेव्हापासून रेल्वेपुलाच्या चढावर जोर मागितला की गाडी खोकायची. अख्खा रस्ता वळून बघायचा.

धाकटा भाऊ मार्सेल शेजारीच राहतो. तो तर अंगणातूनच खोकून दाखवायचा.

"बाय, तो भोंगा काढ नि विहिरीच्या पंपाला लाव. केळी तरी पितील."

"केळींना पाणी लागतं, मार्सेल, वारा नाही. नापास झालास ते उगाच नाही."

शेवटी मार्सेलने गिऱ्हाईकच आणलं. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ते गाडी बघायला येणार होतं. हेलन भडकली, पण पैज तिनेच लावली. गिऱ्हाईक यायच्या आधी मार्सेलला शेजारी बसवून पूल चढायचा. गाडी एकदा जरी खोकली, तरी चावी त्याच्या हातात.

गॅरेजवाला विकी म्हणाला, "आंटी, जुन्या पद्धतीत एकच कॉइल चारही स्पार्क प्लगना ठिणगीची वीज वाटते. एवढ्या हवेत ती कशी पुरणार?"

हे तिला पटलं. तिने प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल दिली, ठिणगी कधी टाकायची ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर बसवला. कॉइल तगडी झाली म्हणून प्लगच्या टोकांमधली फटही वाढवली. मोठी फट, मोठी ठिणगी, असा हिशोब. शनिवारी सकाळी चढावर गाडी आधीपेक्षा जोरात खोकली.

"आंटी, आता सुपरचार्जर काढाच."

"काढ की. पण आधी माझे हात काढ."

त्याच संध्याकाळी मृतांचा स्मरणदिन होता. दफनभूमीत समुद्राकडून वारा सुटला होता. आईच्या थडग्यावर मार्सेल मेणबत्ती लावत होता. बोटं भाजतील म्हणून काडी वातीपासून लांब धरायचा, ज्योत वाऱ्यावर झुकून विझायची. पाच काड्या गेल्या.

"जवळ धर रे, भित्र्या! वातीला टेकव!"

त्याने टेकवली. वात पेटली. हेलन मात्र खाली पडलेल्या पाच काड्या निरखत वाकली.

"काय झालं, बाय?"

"काही नाही. आईला सांगतेय, गाडी घरातच राहील."

घरी येऊन तिने चारही प्लग काढले, फट मोजायची पातळ पट्टी घालून टोकं जवळ आणली, म्हणजे कोंबलेल्या हवेतही ठिणगी पलीकडे पोचेल, आणि पुन्हा बसवले. एवढंच.

रविवारी मार्सेल रुमाल घेऊन बसला, हसू दाबायला. पुलाचा चढ आला. हेलनने पाय दाबला. सुपरचार्जरची शीळ वाढली, आवाज एकसारखा, जाड. माथ्यावर पोचेपर्यंत गाडीने एकदाही घसा खाकरला नाही. मार्सेलचा रुमाल खाली पडला, हात दरवाजाच्या मुठीवर गेले.

"हळू, बाय! बरं, हरलो! घरी चल, गिऱ्हाईक येऊन थांबलं असेल."

"थांबू दे." पूल उतरून तिने गाडी वळवली आणि पुन्हा चढाला लावली. "फोन कर त्याला. सांग, गाडी रिकामी नाही, भावाला फिरवतेय."