चिमट्यांची टोपली

सोमीबाई गेल्याचं मला नळावर कळलं. त्याला आता महिना होत आला. "कोण गं सोमी?" एकीनं विचारलं. "कातकरवाडीतली. डोहात पाला टाकून मासे मारलेले, ती," दुसरी म्हणाली. मी मान खाली घालून हंडा भरत राहिले… तेव्हासुद्धा बोलले नाही.

आमच्या दहिवलीच्या खाली नदीत डोह आहे. सोमीबाई तिथं मासे धरायची आणि बांबूच्या टोपलीतून दारोदार विकायची. मी चौथी शिकलेली, चार माणसांत बोलायची मला भीती. तिच्याशी मात्र बोलायचे. मूठभर मुऱ्या, म्हणजे बारीक मासे, जास्त टाकून ती म्हणायची, "खा गं वयनी. तुझ्या तोंडात मासा तरी जाऊ दे, शब्द तं चारचौघांत भायेर येत नाय!"

त्या उन्हाळ्यात मी एका फार्महाऊसच्या चादरी धुवायला घेतल्या. डोहाच्या काठाशीच धुवायचे. पाणी आटून थांबलेलं. डाग निघेनात, म्हणून पावडर ओंजळीनं टाकायचे. फेस डोहभर पसरायचा आणि मला वाटायचं, पाणी स्वच्छ होतंय. आधी माशांची बारीक पिल्लं दिसेनाशी झाली. मग एका सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून मेले.

कातकरी झाडपाल्याचा रस टाकून मासे धरतात, हे गावाला ठाऊक. त्यामुळे नाव लगेच ठरलं. "परत डोहाकडं फिरकू नकोस," माणसांनी तिला दरडावलं. ती एवढंच म्हणाली, "पाल्यानं मासा झिंगतो. अंगाची बुळबुळ जात नाय त्याची. ह्याला हात लावून बघा की… कोरडा हाय." कुणी हात लावला नाही. मला लावायची गरज नव्हती. पावडरीनं माझ्या तळहातांची सालं निघाली होती. ती माझ्या हातांकडेच बघत होती. मी ते पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन दारात आली. "ठेव वयनी. मला आता काय करायचीय? कपड्यांचे चिमटे ठेव हिच्यात." मी टोपली घेतली. बस म्हणायलाही तोंड उघडलं नाही. पुढं ती वीटभट्टीवर गेली आणि खोकला घेऊन परतली. तिला बघायलाही मी गेले नाही…

पाला सोमीबाईनं टाकला नव्हता. मासे माझ्या पावडरीनं मेले. हे नळावर बोलायचं होतं, वहीत लिहिते आहे.

काल टोपलीतले चिमटे काढले आणि ती नाकाशी धरली. मासळीचा वास कुठंच राहिलेला नाही… पावडरीचा तेवढा आहे.