हरवून आणणारी जिजी

सुरतेतल्या आमच्या भेस्तानच्या गल्लीत खानदेशातून नवी बाई आली की केवळजिजी आठ दिवसांच्या आत तिला हरवून आणायची. खरोखर हरवायची. बसने लांब न्यायची, भलत्याच ठिकाणी उतरवायची आणि म्हणायची, "आते तू माले घर ली चाल." मग स्वतः एक अक्षर बोलायची नाही. नळावर बाया मला विचारायच्या, "तुला हरवून आणलं का गं अजून?"

माझी पाळी आली तेव्हा लग्नाला महिना झाला होता. शाळा सातवीत सुटलेली, गुजराती पाट्या वाचता येत नव्हत्या. रस्त्याच्या मधोमध ते बसचं स्टेशन, गाडी आली की काचेचे दरवाजे आपोआप सरकतात, फरशी देवळासारखी चकचकीत. मी चढावरच चपला काढून हातात घेतल्या. जिजी पोट धरून हसली. "घाल व बाई. आठे देव नही, डायव्हर शे."

जिजीला स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती. पर्वत पाटियाहून साड्यांचे गठ्ठे आणायचे, घरी बसून धागे कापायचे, परत पोचवायचे, हे तिचं काम. पण कुठली गाडी कुठे वळते ते तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ. बसमध्ये गठ्ठ्यावरून कोणी कुरकुरलं की म्हणायची, "तुम्हारेच बायको की साडी है, भाऊ. दबाव मत."

त्या दिवशी गाडी पुलावर चढली आणि खाली हे एवढं पाणी! "हाई आपली तापी," जिजी म्हणाली. माझा विश्वास बसेना. आमच्या गावी उन्हाळ्यात जिच्यातून बकऱ्या चालत जातात, ती ही? मी तोंडावर हात ठेवून बघतच राहिले. जिजी म्हणाली, "आपल्या आधी आली ती सुरतले. पायी पायी, इचारत इचारत. तू कशाले भितीस? हरपलीस का पहिले तापी धुंड. तापीच्या अलीकडे आपलं घर."

पलीकडे उतरून ती जी गप्प झाली ती झालीच. मी रडले, चिडले, दहा जणांना विचारलं. तीन तासांनी आम्ही गल्लीत शिरलो. जिजीने मला चहा पाजला.

चार महिन्यांनी दुपारी यांच्या कारखान्यातून फोन आला. यांची बोटं लूममध्ये सापडली होती. दवाखाना तापीपलीकडे. "ऑपरेशनआधी घरच्या माणसाची सही लागते, लवकर या वहिनी." जिजी गठ्ठा द्यायला गेलेली. मी एकटी निघाले. फलाट एकच, दोन्हीकडच्या गाड्या तिथेच थांबतात. घाईत मी समोर आली त्या गाडीत शिरले. बराच वेळ झाला, पूल येईना. मग जिजीचं बोलणं आठवलं आणि शेजारच्या बाईला विचारलं, "बेन, तापी कई बाजु?"

ती बघतच राहिली. "तापी? तारे जवुं छे क्यां?"

दवाखान्याचं नाव सांगितलं. गाडी उलट्या दिशेला, कामरेजकडे चालली होती. त्या बाईने पुढच्या स्टेशनवर मला उतरवलं, बोट दाखवून समोरची गाडी सांगितली. खिडकीतून पाणी दिसलं तेव्हा मी हात जोडले. वेळेत पोचले. सही केली, सातवीची, वाकडीतिकडी. बोटं वाचली.

संध्याकाळी जिजी आली. काखेत नवा गठ्ठा तसाच. यांना बघितलं, कपाळावर हात ठेवला, मग माझ्याकडे वळली.

"चुकलीस?"

"एकदा."

"मंग सुरत आते तुनं."

गेल्या उन्हाळ्यात जिजी गावी गेली आणि तिकडेच वारली. राख गावाजवळ तापीत सोडली, असं सुनेने फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बसमधून जाताना पूल आला तेव्हा मी जागेवरून उठले, खिडकीशी वाकले. पाणी काठोकाठ, उन्हात चमकत होतं. गावापासून इथवरच्या वाटेत उकाईचं धरण आहे, वेळ लागेल. पण जिजी आहे ती. इचारत इचारत येईल.