हायड्रोजनचं पाणी आणि माझा अंगरखा

माझी फजिती मीच सांगतो, मंडळी. दुसऱ्या कुणी सांगितली तर उगाच तिखटमीठ लागायचं!

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहतो. दर जानेवारीत आमचं मराठी मंडळ बस करून पानिपतला, तिसऱ्या लढाईतल्या मराठ्यांच्या स्मारकाला, काला अंबला वंदन करायला जातं. यंदा सगळ्यांच्या पुढे भगवा झेंडा धरायचा मान मला! मराठमोळा अंगरखा घालून! पण वजन? शहाण्णव किलो.

मग मी हायड्रोजनच्या पाण्याची बाटली मागवली. बटण दाबलं की बुडबुडे येतात आणि चरबी वितळते म्हणे. रोज सकाळी उपाशीपोटी प्यायला लागलो.

"अहो, पाण्यानं पोट उतरत असतं तर म्हशी केव्हाच बारीक झाल्या असत्या," बायको म्हणाली.

पण काय सांगू! पंधरा दिवसांत काट्यावर नव्वद! सहा किलो गायब! मी काय गप्प बसतो? लिफ्टमध्ये, पार्कात, ऑफिसात, जो भेटेल त्याला व्याख्यान. सोसायटीतल्या चार जणांनी बाटल्या मागवल्या. अभिमानानं नुसता फुगलो होतो मी!

टेलर मास्टरजी टेप घेऊन आले. "साहब, नाप ले लूँ?"

"नाप क्या लेना? पुराने कुर्ते से तीन इंच कम कर दो!"

"साहब, एक बार देख लेते..."

"अरे यार, छह किलो गया है मेरा!"

निघायच्या दिवशी अंगरखा घातला. बंद काही केल्या एकमेकांना भेटेनात! श्वास रोखला, पोट आत ओढलं, तेवढ्यात काखेत टर्रकन फाटलं. खाली बसचा हॉर्न.

"कपडा आटलाय," मी काट्यावर उभा राहून ओरडलो. "हे बघ, नव्वद!"

"अहो, काटा गालिच्यावर आहे. थंडीत पाय गारठतात म्हणून मीच सरकवला होता. फरशीवर घ्या."

फरशीवर घेतला. सत्त्याण्णव!

शेवटी फाटक्या अंगरख्यावर बायकोची शाल गुंडाळून बसमध्ये चढलो. खूप लाज वाटत होती. पण काला अंबला झेंडा मीच धरला, आणि ताठ मानेनं धरला बरं का!

परतताना शेजारच्या कुलकर्ण्यांनी भर बसमध्ये विचारलं, "साहेब, मीही रोज ते पाणी पितोय. एक ग्रॅम हलत नाही. माझं चुकतंय काय?"

अख्खी बस कान टवकारून बसली. आता खोटं कसं बोलणार?

"काही नाही हो," मी म्हणालो, "फक्त काट्याखाली एक जाड गालिचा घाला."