परड्यात बसलेली मेंढरं

वैनीचा उकिरडा मी जाळला. तोही चांगलं काम करतोय अशा समजुतीनं. चूक एवढीच असती तर हे लिहायला बसलो नसतो. जाळल्याचा आळ शेजारच्या म्हाताऱ्या आबांवर आला आणि मी तो येऊ दिला.

लढाई नुकतीच संपली होती. मी पलटणीतून रजेवर कडेगावजवळच्या आमच्या गावी आलो होतो. बाजरी, भुईमूग घरात आले होते आणि दिवाळी तोंडावर होती. घरामागं वैनीचं परडं होतं. शेत भावाचं, पण हा तुकडा तिचा. त्यात काय लावायचं ते ती कुणाला विचारत नसे. सुगी उरकली की परडं कुदळून ती मातीत उकिरड्याचं खत मिसळायची आणि मग लसूण, मेथी, वांगी लावायची. त्या खतासाठी तिचं वर्षभर साठवणं चाले. शेण, चुलीची राख, लिंबाचा पाला, भुईमुगाची टरफलं. मी शेंगा खाऊन टरफलं अंगणात टाकली की ती म्हणे, "भावजी, माजं खत सांडताय."

तिला थट्टा करायची सवय होती, म्हणून मी हसून सोडून देई. छावणीत कचरा दिसला की पेटवायचा, हे माझ्या अंगात भिनलं होतं. बाजाराच्या दिवशी वैनी विट्याला गेली, भाऊ रानात गेला. सणाआधी परडं लख्ख करून तिला चकित करावं, असं माझ्या मनात आलं. वरची टरफलं भुरकन पेटली. खालचं ओलं नुसतं धुमसत राहिलं, तर मी लोखंडी पंज्यानं वरखाली करून तेही नीट जाळलं. मग मोठ्या समाधानानं विहिरीवर आंघोळीला गेलो.

धूर बघून शेजारचे म्हातारे कुंपण ओलांडून आले. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात चिलीम. नेमकी तेव्हाच वैनी बाजारातून परतली. मी ओल्या केसांनी मागच्या दारात आलो, तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता.

"आवं आबा, कवाधरनं सांगतीया, चिलीम कुंपणाजवळ झाडू नका. आता लसूण काय तुमच्या धुरावर वाढवू?"

म्हाताऱ्यांनी चिलमीकडे पाहिलं, मग राखेकडे पाहिलं. "पडली आसंल बया ठिणगी," ते म्हणाले. "ध्यान न्हाई राहिलं."

त्यांना खरंच तसं वाटलं. बोलायची वेळ माझी होती. वैनीचे डोळे भरलेले दिसले आणि मी टॉवेलनं केस पुसत राहिलो.

दोन-तीन दिवसांत धनगराचा कळप गावात उतरला. सुगीनंतर मोकळ्या रानात मेंढरं बसवायची आमच्याकडे रीत. त्यांच्या लेंडीनं जमीन सुधारते. पहिली पाळी म्हाताऱ्यांच्या रानाची होती. संध्याकाळी पाहतो तर कळप आमच्या दारात, आणि पुढं म्हातारे.

"माजी पाळी हिच्या परड्याला," ते म्हणाले.

धनगर हसून म्हणाला, "आबा, एवढ्याशा जागंत? उरलेली काय चुलीपाशी बसवू?"

मावली तेवढी मेंढरं आत घातली. बाकीची अंगणात बसली. एकीनं वैनीचं कारल्याचा वेल मुळापासून ओरबाडला, एक कोकरू थेट स्वयंपाकघरात शिरून बाजरीच्या पिठात तोंड घालून उभं राहिलं. वैनी त्याला बाहेर ओढत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. पीठ लागलेल्या तोंडानं ते पुन्हा आत. म्हातारे पायरीवर बसून खोकेपर्यंत हसले. हसलो मीही, पण त्यांच्याकडे बघवेना.

रजा संपली, मी गेलो. पुढच्या सुगीला आलो तेव्हा वैनी लसणाच्या जुड्या दाखवून म्हणाली, "असा लसूण कंदी आला नव्हता. आबांच्या रानात मातूर गहू लय बारीक. पाळी आपल्या परड्याला दिली आन् कळप फुडं निघून गेला न्हवं." म्हातारे आता कुंपणापाशी चिलीम ओढत नाहीत, पार रस्त्याच्या बाभळीखाली जाऊन बसतात, हेही तिनंच सांगितलं.

कळप येताच मी धनगराला गाठलं आणि आमची पाळी म्हाताऱ्यांच्या रानाला दिली. ते तरातरा आमच्या दारात आले. वैनी परडं कुदळत होती.

"गड्या, माज्या रानात कशापायी? तुमच्यात बसव की."

मी वैनीला हाक मारून जवळ बोलावलं. तिच्यासमोरच बोलायचं होतं.

"आबा, ती ठिणगी तुमची न्हवती. उकिरडा मी पेटवला. वैनी तुमाला बोलली तवा मी दारात हुतो, आणि गप राहिलो. माजं चुकलं. वैनी, तुजंबी मी नुकसान केलं. मला माफ करा दोघंबी."