चांदणीखालचा तीळ

रंगवालीचा विश्वास फक्त स्वतःवर. गिऱ्हाइकाने दुकानातल्या आरशात जरा जास्त वेळ पाहिलं, तरी तिला वाटे, ही नक्की समोरच्या दुकानाची हेर. लोकांना काचेच्या पलंगावर झोपवायचं, वरून दिव्यांचं झाकण लावायचं आणि त्यांची कातडी उन्हात तापल्यासारखी तांबूस करून द्यायची, हा तिचा धंदा. आधी ती अंगावर चांदणीचं छोटं स्टिकर चिकटवायची. नंतर ते काढलं की खालच्या फिक्या चांदणीवरून रंग किती चढला ते कळे. दुकानाची जाहिरात म्हणून ती स्वतःही पलंगावर पडायची. तिची चांदणी मात्र दंडावरच्या तिळावर ठरलेली. तेवढा झाकला की काळजी मिटली, असा तिचा हिशेब.

धाकटी नणंद दवाखान्यात नर्स. तिने एकदा तो तीळ पाहिला.

"वहिनी, डॉक्टरांना दाखव हा. उन्हाने होतो तसा या दिव्यांनीही कातडीचा कॅन्सर होतो. वाढतोय का, लक्ष ठेव."

"माझं दुकान खुपतंय ना तुझ्या डोळ्यांत?" रंगवाली फणकारली. नणंदेला दुकानाला टाळं लागलेलं बघायचंय, याबद्दल तिची खात्रीच पटली.

पुढे चांदणी अपुरी पडू लागली. तिळाची कड बाहेर डोकावायची. रंगवालीने लगेच ताडलं, स्टिकरवाला लबाडी करतोय. तिने त्याला फोनवर फैलावर घेतलं.

"मी काय दूधखुळी आहे? स्टिकर लहान केलेत तुम्ही!"

"मॅडम, साचा तोच आहे हो," तो काकुळतीला आला. "जुनं पाकीट असेल तर लावून बघा."

त्याला तोंडघशी पाडायचंच म्हणून तिने कपाट उपसलं. जुनी चांदणी नव्या चांदणीवर ठेवली. टोकाला टोक जुळलं. तिने फिरवून ठेवली, तरी जुळलं. मग बाही वर केली. तिळाची कड वेडीवाकडी झाली होती, एक बाजू काळीभोर. सगळ्या जगावर पाळत ठेवली आणि स्वतःच्या दंडाकडे पाहायचं राहिलं, याचा तिला भयंकर राग आला.

तिने नणंदेला फोन लावला. "अगं, तो तीळ वाढलाय. पुढच्या आठवड्यात येऊ का?"

"आत्ता ये. मी दवाखान्याच्या फाटकाशी थांबते."

'सांगितलं होतं ना' असा सूर लागतोय का, म्हणून रंगवालीने कान टवकारले. नणंदेचा आवाज नुसता कापत होता.