काकूचा सोनेरी नारळ

पोस्टरं चिकटवायला काल रत्नागिरीत मैद्याची खळ शिजवली. तिचा वास आला आणि मी थेट आमच्या वाडीतल्या एका नारळी पौर्णिमेला जाऊन पोचले. काकू चुलीपुढे बसून अशाच गरम खळीने नारळाला सोनेरी कागद लावत होती.

त्याच्या आदल्या वर्षी जेटीविरोधातल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माझा काका गेला. सरकार म्हणालं, पळताना समुद्रात पडून बुडाला. म्हणे गोळी कुणाला लागलीच नाही! त्याच्या छातीतलं भोक अख्ख्या वाडीने पाहिलं होतं.

ज्या घरातला माणूस दर्या नेतो, ते घर पुन्हा दर्याला नारळ देत नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून समुद्रकाठच्या पुळणीवर होड्यांच्या म्हाताऱ्या तांडेलांनी काकूला अडवलं. "गो, तुझ्या घरानं नारळ द्यायचा नाय. आणि पोलीस बघतायत."

"बघू देत, त्यांनापण प्रसाद देऊ. माझ्या घोवाला दर्यान नाय नेलान, आजोबा. गोळीन नेलान. दर्यावर खोटा आळ कशाला?"

ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिने नारळ सोडला. लाटेवर तो कागद किती वेळ चमकत होता! तेव्हा मला वाटलं, काकू दुःखाने हट्टाला पेटलीय. आज कळतं, ती साक्ष देत होती. ती ऐकून घ्यायला आजवर एकही साहेब वाडीत आलेला नाही.

म्हणून उद्या आम्हीच कलेक्टर कचेरीसमोर बसणार आहोत. काकूने फोनवर विचारलं, "येताना काय आणू?"

"नारळ," मी म्हटलं. "कागद इथे लावू. खळ उरलीय."